पाठीमागे हात

गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एका गार्डाच्या विधवा मेमसाहेब स्वातंत्र्यानंतर विलायतेला निघाल्या, तेव्हा मला टॅरो नावाच्या चित्रांच्या पत्त्यांचा जोड देऊन गेल्या. "यात भविष्य पाहू नकोस, प्रार्थना कर," म्हणाल्या. आमच्या चर्चच्या पाळकीणबाईंनी मात्र तो पाहताच कपाळाला आठ्या घातल्या. सैतानाचं खेळणं, चुलीत घाल! मी घातला नाही; तशी मी हट्टीच. पण मनात पाल चुकचुकत राहिली. मी ख्रिस्ती नर्स, मिशनच्या दवाखान्यातली, आणि माझ्या ट्रंकेत हे काय?

तरी रोज सकाळी एक चित्र काढून मी प्रार्थनेला बसे. एकात पेल्यावर कबूतर उतरतं, चोचीत क्रूसाची खूण असलेली भाकर. हे तर आमचं प्रभुभोजनच! एकात देवदूत कर्णा फुंकतो आणि मेलेले कबरींतून उठतात. एकच चित्र मला कळेना. झाडाला एका पायाने उलटा टांगलेला माणूस, हात पाठीमागे, डोक्याभोवती तेजाचं वलय आणि चेहरा अगदी शांत. यानं स्वतःला देवाच्या हाती सोपवलंय, असं मेमसाहेब सांगत. मला त्याचा रागच यायचा. टांगलेल्या माणसाला कसली आलीय शांती?

पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपल्यावर केशोरी गावाहून बैलगाडी आली. धानाच्या शेतकऱ्याची सून, सगुणा, सकाळपासून अडली होती. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती, आणि मूल पायाळू होतं. पाय आले, धड आलं, खांदे सुटले आणि डोकं आतच राहिलं.

अशा वेळी ओढायचं नसतं. लेकराला स्वतःच्या भाराने लोंबू द्यायचं, मानेवरचे केस दिसेपर्यंत थांबायचं. हे मला पाठ होतं. पण ते निळसर अंग समोर लोंबत असताना हात आवरत नाहीत हो! त्यात तिची सासू माझ्या कानाशी ओरडत होती, "वढ नं वो बाई! काऊन पाहून राहिलीस? मरून जाईन ना लेकरू!"

माझे हात पुढे गेलेच होते. आणि तेवढ्यात तो टांगलेला माणूस मला लख्ख दिसला. उलटा, शांत, हात मागे. मी माझे हात पाठीमागे घेतले आणि घट्ट धरून ठेवले. प्रभू, आता हे तुझं, एवढंच म्हटलं. भीती कुठे गेली कोण जाणे. मानेवरचे ओले केस दिसले, तेव्हा मी पाय धरून लेकराला हलकेच वर उचललं. तोंड बाहेर आलं, नाक आलं, आणि पोरगी रडली. मीही रडले.

पोरीला पुसून सगुणाच्या कुशीत दिल्यावर सासूने विचारलं, "बाई, हात मांगं काऊन घेतले तुनं?" त्या सकाळी निघालेलं आणि पिशवीतल्या बायबलात ठेवलेलं ते चित्र मी तिला दाखवलं. उलटसुलट करून तिने ते पाहिलं.

"याचे तं हातच बांधले हायेत," ती म्हणाली, "तरी कसा निवांत हाये!"

ती पोरगी आता धावती झाली आहे. पायाळूची लाथ बसली की पाठीतली उसण जाते म्हणून केशोरीची माणसं तिच्यापुढे पाठ वाकवून उभी राहतात, आणि तीही मनापासून हाणते. मी आजही प्रत्येक बाळंतपणाला जाताना ते चित्र सोबत नेते. हातांनी करायचं ते सगळं मला शिकवलं गेलं होतं. हात मागे घ्यायला मात्र प्रभूने शिकवलं.