अस्तर नसलेली माशी

आमच्या अमेरिकेतल्या, फ्रिस्कोच्या घरामागच्या तळ्यात ब्लूगिल मासे आहेत, तळहाताएवढे, अख्खे तव्यात मावणारे. त्यांच्यासाठी आमिष म्हणून मी गळावर पिसं-दोऱ्याच्या खोट्या माश्या बांधतो. माशी बुडायला हवी, म्हणून गळावर आधी शिशाची तार गुंडाळायची, मग लोकर, मग पीस. सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांना हेच शिकवलं. चाळीस वर्षं कोट शिवलेला माणूस, लगेच म्हणाले, "म्हणजे तार हे अस्तर. आधी अस्तर, मग कापड."

पण त्यांना विसरायला व्हायला लागलं होतं. चहात मीठ, एकच प्रश्न चारदा. आई गेल्यापासून ते पुण्यात एकटे राहायचे. परतीच्या आठवड्यात नाशिकहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, खरं सांग, एकटे राहू शकतील ना? नाहीतर मी त्यांना इकडेच आणते." मुलीच्या घरी राहणार नाही, हा बाबांचा हट्ट. ते भांडण मला नको होतं. उद्या सांगतो म्हटलं, आणि मनाशी ठरवलं: बाबांनी एक माशी एकट्याने बांधली, तर ते ठीक आहेत.

सकाळी ते बसले. दोरा ओठांनी ओला केला, वेढे एकसारखे घातले, शेवटची गाठ तर दिसतसुद्धा नव्हती. तार मात्र टेबलावर तशीच पडलेली. जन्मभर अस्तर न विसरलेला माणूस अस्तर विसरला होता.

तळ्यावर मी त्यांची माशी गुपचूप खिशात घातली आणि त्यांच्या दोरीला माझी बांधून दिली. ती बुडाली. मासा लागला.

"बघ, हात अजून शाबूत आहे!" बाबा म्हणाले.

मी बहिणीला फोन केला. "अगं, स्वतः माशी बांधून मासा धरला त्यांनी. एकदम फिट आहेत. डोन्ट वरी." भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

मासा लागलेली ती माशी एका डबीत घालून बाबा पुण्याला घेऊन गेले. तिसऱ्या महिन्यात ते दोरा आणायला म्हणून बाहेर पडले आणि त्यांना घर सापडलं नाही. दोन दिवसांनी कॅनॉलच्या कडेला त्यांचा देह मिळाला. खिशात डबी होती.

बहीण मला बोल लावत नाही. उलट माझीच समजूत घालते. "तू तरी काय करणार, दादा? ठणठणीत होते. ती माशी मी देवघरात ठेवलीय. बाबांच्या हातचं शेवटचं काम."

बाबांच्या हातची माशी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बहिणीला मी अजून सांगितलेलं नाही.