लिंबं कुठल्या भाषेत मोजायची

खानापूरच्या बसमध्ये शेजारच्या लिंबूवाल्या आक्का माझ्याशी मराठीत बोलत होत्या, पण टोपलीतली लिंबं कन्नडमध्ये मोजत होत्या. माझं डोकंच फिरलं. 'मेंदू मातृभाषेतच विचार करतो' हे आमच्या मराठी मंडळाचं पत्रक मी त्यांच्या हातात कोंबलं.

"आक्का, मराठीत मोजा! अभिमान न्हाय व्हय भाषेचा?"

"मराठीत मोजलं की चुकतंय रं. बाजारात शिकले, तसंच येतंय."

तेवढ्यात माझा थांबा मागं पडला. मी ताडकन उठून कंडक्टरवर ओरडलो, "निल्लिसी री!" थांबवा, तेही चक्क कन्नडमध्ये.

आक्का खदखदून हसल्या. पत्रकात एक लिंबू गुंडाळून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "हे आधी तुझ्या मेंदूला वाचून दाखीव. न्हाय ऐकलं, तर डोक्याला लिंबू चोळ, येड उतरतंय."

मेंदूनं मला न विचारता कन्नड निवडली कशी, हे आमच्या एकाही पत्रकात नाही. लिंबू मात्र मी घरी जाऊन चोळलं.