वाकवलेलं पातं

लेक जेवणाच्या टेबलावर तिची तलवारबाजीची तलवार दुरुस्त करत होती. पात्याच्या खाचेतली बारीक तार तुटली होती, त्यामुळे वार बसला तरी गुण मोजणाऱ्या यंत्रावरचा दिवा पेटत नव्हता. तिनं पातं धनुष्यासारखं वाकवून दोरीनं बांधलं आणि खाचेत नवी तार चिकटवली.

"वाकवायचं कशाला गं?" मी विचारलं.

"सरळ पात्यावर चिकटवली तर पहिल्याच वाराला तुटते, आई. आधी वाकवलं की टिकते."

माझ्या लग्नात झाडून साऱ्या बायकांनी मला हेच सांगितलं होतं. वाकून राहा, टिकशील. टिकले की! टिकल्याचं कौतुकही झालं, शाल-नारळ देऊन.

गम वाळल्यावर लेकीनं दोरी सोडली. पातं ताडकन सरळ झालं.

दोरी सोडायचीही असते, हे मात्र त्यांतली एकही बोलली नव्हती.