तातेरावांच्या पाच वायरी

नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाणा लागतो म्हणतात. मी बिनउखाण्याचं घेते. तातेराव. जालन्याच्या एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका धर्मकाट्यावर बत्तीस वर्षं बसले. धर्मकाटा म्हणजे ट्रक तोलायचा मोठा काटा. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा अन् पावती फाडायची, एवढंच काम. पण तेवढ्या कामानं त्यांच्या डोक्यात असं काही बसलं, की जगात जे जड तेच चांगलं. नारळ घेतील तर हातात तोलून, चप्पल घेतील तर हातात तोलून. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली तरी आधी तळहातावर तोलायचे, मंग उघडायचे. पातळ पत्रिकेच्या लग्नाला आम्ही कधी गेलोच न्हाई. मला बघायला आल्ते तेव्हा मी केवढी होते ते विचारू नका, पसंत पडले एवढं पुरे.

गेल्या साली रिटायर झाले अन् दोन महिन्यांत दारात लाल गाडी उभी. दोन सीटांची, वरचा टप उघडणारी, बसलं की बूड रस्त्याला टेकतं का काय असं वाटणारी. नवीन जालन्यातल्या एका बियाणेवाल्याच्या पोरानं कधीकाळी हौसेनं घेतल्ती. हौस फिटल्यावर गोडाऊनात ताडपत्रीखाली टाकली. बनवणारी कंपनी कवाच बंद पडली, पार्ट कुठं मिळत न्हाईत, अन् आमच्या मालकांनी ती मोठ्या आनंदानं ओढून आणली. बासष्टाव्या वर्षी, डोक्यावर पाच केस, अन् म्हणे स्पोर्ट्स कार!

गल्लीतल्या बाया विचारायच्या, "अवो दैवशालाबाई, दोनच सीटा? पाव्हणे कुठं बसवता?"

"पाव्हणे येतात कुठं आमच्याकडं," मी म्हणायचे. ते खरंच होतं. आमची एकुलती एक लेक तृप्ती वीस किलोमीटरवर बदनापूरला राहती, अन् तीन वर्षं तिनं आमच्या घराची पायरी चढली न्हाई.

झालं असं. तृप्तीनं सांगितलं, मला नागसेनसोबत लग्न करायचंय. नागसेन आयटीआयला शिकवतो, गाड्यांची वायरिंग, बॅटऱ्या, तेच सगळं. मालक म्हणाले, पाठव त्याला काट्यावर, बघतो. घरी न्हाई, काट्यावर! पोरगा बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून आला. हे म्हणाले, "जरा वर उभा राहा." ट्रकच्या काट्यावर! तो राह्यला उभा. तो काटा दहा-दहा किलोनं बोलतो, त्यानं पन्नास दाखवलं. चार ड्रायव्हर चहा पिऊन राह्यले होते, त्यांच्यापुढं हे म्हणाले, "आमच्या लेकीला हे वजन चालायचं न्हाई." सगळे हसले. नागसेन खाली उतरला, नमस्कार केला अन् गेला.

वजनाचं काय घेऊन बसलात! नागसेन बौद्ध समाजाचा, हे ह्यांना सलत होतं. पण तसं म्हणायची हिंमत न्हाई, कारण दर चौदा एप्रिलला काट्यावर पाणपोई लावून सगळ्यात पुढं उभं राहून फोटो काढणारा माणूस हा. जात काट्यावर दिसत न्हाई, मंग काढलं वजन.

मी तिथंच होते, डबा घेऊन गेल्ते. पण दहा वर्षांपासून मला ऐकू कमी येतं, कानाला मशीन लावते, अन् त्या दिवशी मशीनचा सेल गेल्ता. काय बोलणं झालं ते मला मागून ड्रायव्हर लोकांकडून कळालं. तृप्तीनं तेव्हाच विचारलं, "आई, तू तिथं होतीस, एका शब्दानं बोलली न्हाईस?" मी सेलचं सांगितलं. तीन महिन्यांनी तिनं कोर्टात लग्न केलं. आम्ही गेलो न्हाई.

फोनवर बोलते ती माझ्याशी. तिचं म्हणणं एकच. "बाबांनी माफी मागू नये, पाया पडू नये. फक्त आमच्या घरी यावं अन् नागसेनच्या तोंडावर खरं कारण सांगावं. मंग मी येईन." बस. एवढ्यासाठी तीन वर्षं आमच्या घरात दिवाळीचा फराळ दोघांपुरता झाला.

रिटायर झाल्यावर ह्यांचं मन लागेना. तृप्तीचं नाव निघालं की घास हातातच थांबायचा. शेवटी एक दिवस म्हणाले, "जाऊ बदनापूरला. पण एसटीनं न्हाई, फटफटीवर न्हाई. गाडीनं जाऊ." मी म्हणलं, बया, असं असेल तर ती गाडी मला देवासारखी! दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू लावलं बोनेटला.

अन् गाडी मिसिंग करायला लागली. चौकापर्यंत जायची, फटफट करायची, बंद पडायची. भिवा मिस्त्रीनं बोनेट उघडून सांगितलं, "काका, प्लगच्या वायरी तडकल्या. करंट बाहेर फुटून राह्यला. चार प्लगच्या चार अन् कॉइलची एक, पाची बदला." साधं काम होतं. अर्ध्या दिवसाचं.

आमच्या मालकांना चार महिने लागले.

पहिल्यांदा गेलो स्टेशन रोडला, राधेश्यामच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. त्यानं तीन नमुने काढले. एक बारीक, काळ्या, आत कार्बनचा धागा. एक लाल, जाडसर. अन् तिसऱ्या जुन्या पेट्रोल जीपच्या, आत निव्वळ तांबं. मालकांनी डोळे मिटले. एका हातात ही वायर, दुसऱ्या हातात ती. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली, तरी ह्यांचे हात खालीवर.

"काकाजी," राधेश्याम म्हणाला, "ये वायर है, तरबूज नहीं. लांबी बघा, टोपी बराबर बसते का बघा."

"तू मला वजन शिकवतो?" हे म्हणाले अन् काहीच न घेता बाहेर.

मंग संभाजीनगर झालं. मंग मोबाइलवर रात्रंदिवस कोण कोण गोरे लोक वायरी दाखवायचे ते बघणं झालं. मंग रंग. लाल गाडीला काळ्या वायरी शोभतात का निळ्या? अवो, बोनेटखाली कोण बघायला जातंय! मी म्हणायचे, "अमक्या घ्या, तमक्या घ्या, पण घ्या." हे म्हणायचे, "तुला काय कळतं? अर्ध्या रस्त्यात बंद पडली तर जावयापुढं इज्जत जाईल." इज्जतीची भीती होती तर काट्यावर कुठं गेल्ती ती? बदनापूरच्या रस्त्यात खड्डे न्हाईत तेवढी ह्यांच्याकडं निमित्तं. वायरी मिळाल्या की जावं लागेल, ते त्यांना बराबर कळत होतं. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मी हे सगळं तृप्तीला फोनवर हसून हसून सांगायचे. एकदा फोन नागसेननं घेतला. "मामी, जुन्या वायरींची मापं घेता येतील का? गाडीचं नाव अन् इंजिनवरचा नंबर पण सांगा." हे दुपारचे घोरत होते तेव्हा मी ब्लाऊजं शिवायचा टेप घेऊन बोनेटमध्ये डोकं घातलं. पाची मापं दिली. पुढं त्यानं काय केलं ते मी विचारलं न्हाई.

चौथ्या महिन्यात मालकांनी निर्णय जाहीर केला. जीपच्या, तांब्याच्या. "हातात घेतलं की कळतं," म्हणाले. भिवानं कपाळाला हात लावला, पण बसवल्या. लांबीला जास्त, म्हणून वेटोळी करून बांधल्या. अन् खरं सांगायचं तर गाडी चालली! मिसिंग बंद. मालक मिशीला पीळ देऊन मला म्हणाले, "बस, एक चक्कर मारू."

मी बसले, त्यांनी गाडी चालू केली, अन् माझ्या कानात मक्याच्या लाह्या फुटायला लागल्या. तडतड तडतड! ॲक्सिलेटर दाबला की जोरात, सोडला की कमी. मी ओरडलेच, "अगं माय गं!" गाडीतला रेडिओ लावला तर त्यातही तेच.

भिवा म्हणाला, "नुसतं तांबं आहे ना, आत करंट आवरायला काहीच न्हाई. सगळीकडं उडतोय तो. काकूंचं मशीन पकडून राह्यलं. कार्बनच्या पाहिजे होत्या." अन् जाता जाता, "हे आमच्या नागसेन सरांना विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो."

मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण माणूस हार मानतो का? संध्याकाळी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आता कसं जायचं? गाडी चांगली आहे, वायरी एक नंबर आहेत. तुझं मशीनच खराब. तुला त्रास होईल."

बघा! चार महिने गाडीचा दोष, पाचव्या महिन्यात माझ्या कानाचा!

माझं डोकंच फिरलं. रविवारी सकाळी नवी साडी नेसले, जाऊन गाडीत बसले, कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलं अन् म्हणलं, "चला. तुमची वायर ओरडू द्या, मला ऐकू येत न्हाई." ते उभे राहून कायबाय बोलत होते, हात हलवत होते. मी सरळ समोर बघत होते. गल्ली गोळा व्हायला लागली तेव्हा बसले मुकाट्यानं.

बदनापूरला नागसेननं फाटक उघडलं. मी मशीन कानाला लावलं. "या मामा," तो म्हणाला. तृप्ती दारात उभी, हाताची घडी घातलेली. मालक घरात शिरेनात. म्हणाले, "गाडीचं जरा काम होतं." लेकीकडं तीन वर्षांनी आलेला बाप, अन् म्हणे गाडीचं काम!

नागसेन आत गेला अन् खोकं घेऊन आला. त्यात पाच काळ्या वायरी, प्रत्येकीला चिठ्ठी, एक ते चार अन् कॉइल. "मामींनी मापं दिल्ती. दोन महिने झाले आणून ठेवल्या," म्हणाला. त्यानं मीटरवर एकेक तपासून मालकांना दाखवली, शांतपणे, आयटीआयच्या पोरांना दाखवावी तशी. जुन्या काढून ह्यांच्या हातात दिल्या, नव्या बसवल्या. गाडी चालू केली.

"मामी, इकडं बोनेटजवळ या. लाह्या फुटतात का?"

मी कान पुढं केला. इंजिन गुणगुणत होतं, तेवढंच. "न्हाई," मी म्हणलं.

पलीकडं मालक उभे होते, तांब्याच्या वायरी तळहातावर. कुणाकडं न बघता, अगदी हळू म्हणाले, "नागसेनराव, त्या दिवशी... वजनाचं न्हवतं ते."

"मंग कशाचं?" तृप्तीनं विचारलं.

"जातीचं." हे वायरींकडं बघतच बोलले. "ते म्हणायची लाज वाटली, म्हणून वजन म्हणलो."

नागसेन हात पुसत होता. पुसायचा थांबला. "मला तेव्हाच कळालं होतं, मामा. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." मंग तो म्हणाला, "चला आत, उन्हात कशाला उभे?" अन् ह्यांच्या हातातल्या वायरी स्वतः घेतल्या.

मला रडू फुटलं. चार महिने ज्या माणसाची मी गल्लीभर टिंगल केली, तो बोलला शेवटी. मी पदर डोळ्याला लावला अन् तृप्तीकडं गेले. म्हणलं आता लेक गळ्यात पडेल.

तृप्ती माझ्याकडं बघत होती. हाताची घडी अजून तशीच.

"आई, इंजिन चालू होतं. बाबा पलीकडं होते, अन् इतकं हळू बोलले. तुला ऐकू आलं?"

"हौ."

"काट्यावर तर बाबा मोठ्यानं बोलले होते."

माझा हात मशीनकडं गेला. त्या हाताला तीच सवय.

"सेल गेल्ता ना तुझा?" तृप्ती म्हणाली.

इंजिन चालूच होतं. कानात कसली तडतड न्हाई, काही न्हाई. लेकीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"न्हाई," मी म्हणलं. "त्याच दिवशी सकाळी नवा टाकला होता. सगळं ऐकलं मी."