बकुळाने मेनूला थांबायला शिकवलं

बकुळा परबशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून घ्या, कारण ती दमत नाही. मी शाळेपासून घालतेय आणि अजून एकदाही जिंकलेले नाही. डिलाईल रोडच्या चाळीत आमच्या खोल्या एकाच मजल्यावर, आणि गावही एकच, देवगडकडचं आंबेथर. त्यामुळे जे सांगेन ते ऐकीव नाही, डोळ्यांदेखत घडलेलं आहे. मधेच माझं डोकं फिरलं तर सांभाळून घ्या, ह्या प्रकरणात ते बरेचदा फिरलं होतं.

तिचे वडील मिलमध्ये होते. मिल गेली, पाठोपाठ वडीलही गेले, आणि बकुळा लालबागच्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायला लागली. सगळ्या गिरणगावाच्या पत्रिका हिच्या हातून गेल्या असतील. स्वतःचं लग्न राहून गेलं असं चाळीत म्हणतात. तिला विचारा, म्हणेल, "मला करायचं नव्हतं. राहून कसलं जातंय?" मग लोक मोबाइलवरच पत्रिका पाठवायला लागले आणि मालकाने छापखाना बंद केला.

चाळीतल्या बायकांनी सल्ला दिला, पोळीभाजीचे डबे कर. ही उठली आणि परळला वेबसाइट शिकवणाऱ्या क्लासला जाऊन बसली. वर्गात सगळी कॉलेजातली पोरं, ही पन्नाशीला टेकलेली. शिकवणारा पहिल्याच दिवशी 'आंटी' म्हणाला. ही म्हणाली, "आंटी बाहेर. इथे बकुळा." तो पुन्हा म्हणाला नाही. jQuery नावाचं काहीतरी ती तिथेच शिकली. मला तिने समजावलं ते असं, की वेबसाइटवर काही उघडायचं, मिटायचं, सरकवायचं तर त्यासाठी लांबलचक लिहावं लागतं, आणि jQuery म्हणजे आयता कुटलेला मसाला, हवा तेवढा चमचाभर घ्यायचा. मला तेवढं पुरलं.

आता आमचं ग्रामस्थ मंडळ. मंडळाची खोली आमच्याच चाळीत तळमजल्यावर आहे. गणपतीला गावी जायला मंडळ एस्टीच्या गाड्या ठरवतं, प्रत्येक वाडीची वेगळी. पूर्वी नावं फोनवर घ्यायचे आणि दर वर्षी कोणाचं तरी नाव गळून भांडणं व्हायची. बकुळाने मंडळाला वेबसाइट करून दिली. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'रचना : बकुळा परब'. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिली, स्वतःचं कुठे लिहिलं ते हेच. बरं, मंडळाची ती सभासदही नव्हती. सभासद घरटी एकच, तोही बाप्या. परबांच्या घरातून तिचा भाऊ धनेश, जो विरारला राहतो आणि सभेला उगवत नाही.

त्या वर्षी गाड्यांची नावं भरायला सुरुवात झाली आणि भडका उडाला. खालचीवाडीची गाडी अर्धी रिकामी आणि टेंबवाडीच्या गाडीत माणसं मावेनात! यादी बघितली तर खालचीवाडीची अर्धी म्हातारी माणसं टेंबवाडीत नाव देऊन बसलेली. आमच्या गावचा नसेल त्याला ह्यातली गंमत कळायची नाही. ह्या दोन वाड्यांचं पालखीच्या वाटेवरून आमच्या आज्यांच्या वेळेपासून वाकडं आहे. एकमेकांच्या दारचं पाणीही पीत नाहीत. आणि बकुळा कुठली? टेंबवाडीची.

झालं. खालचीवाडीचे राजारामकाका काठी टेकत मंडळाच्या खोलीत आले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "बकुळा गो, तुझा मशीन माका टेंबवाडीत ढकलता! मी खालचीवाडीर हात ठेवलंय आणि गेलंय खंय, तर टेंबवाडीत!"

"काका, तुम्ही चुकून तिथे गेला असाल," बकुळा म्हणाली.

"चुकान? सात पिढ्यांत आमचो कोण थंय गेलो नाय, मी चुकान जातलंय?"

मागून कोणीतरी म्हणालं, हिने मुद्दाम केलंय, आपल्या वाडीची गाडी भरायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच म्हणणार होते, अरे मेल्यांनो, फुकटात राबतेय ती तुमच्यासाठी! बकुळाने माझा दंड धरला आणि गप्प बसवलं.

मंडळाचे अध्यक्ष शामराव माणूस वाईट नाही, पण भांडण दिसलं की पळवाट शोधतो. ते म्हणाले, "माझा पुतण्या विनीत कंपनीत हेच काम करतो. त्याच्याकडून नवीन साइट करून घेऊ. पुढच्या रविवारी सभेत ठरवूया." विनीत बिचारा कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "काका, आधी प्रॉब्लेम काय आहे ते तरी बघूया." पण त्याचं ऐकतो कोण?

वर आल्यावर बकुळा एवढंच म्हणाली, "वैशू, साइट माझी आहे. ती कोणाला देणार नाही." आवाज चढवला नाही, डोळ्यात पाणी नाही. ती अशी बोलली की मला भीती वाटते.

पण चूक सापडेना ना! ती स्वतः करून बघायची, दर वेळी बरोबर. साइटच्या मेनूत वाड्यांची नावं एकाखाली एक, त्यातल्या 'खालचीवाडी'वर माउसचा बाण नेला की बाजूला छोटी यादी उघडायची, पालखी, वर्गणी, सभा आणि तळाला 'गणपतीची गाडी'. त्यावर क्लिक केलं की नाव भरायचं पान. मोबाइलवरही ठीक, तिथे बोटच लावायचं. मी म्हटलं, "म्हातारा खोटं बोलतोय, दुसरं काय?" तीही मनातून तेच म्हणत असणार. तरी दुसऱ्या दिवशी ती खाली मंडळाच्या खोलीत जाऊन बसली, कारण मोबाइलवर साइट उघडता न येणारी सगळी म्हातारी माणसं तिथल्या कॉम्प्युटरवरच नावं देत होती. राजारामकाकांना बोलावून घेतलं आणि म्हणाली, "काका, मी काही बोलणार नाही. तुम्ही करा, मी नुसती बघते."

काकांनी माउस धरला. हात त्यांचा कापतो. 'खालचीवाडी'वर बाण नेला, यादी उघडली. 'गणपतीची गाडी' त्या यादीत तळाला, म्हणून काका सरळ आडवे न जाता तिरके खाली निघाले, आणि हळूहळू, गवतातून चालल्यासारखे. 'खालचीवाडी'च्या खाली नाव होतं 'टेंबवाडी'. बाण जाता जाता त्यावर घासला, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत खालचीवाडीची यादी मिटून टेंबवाडीची उघडली. अगदी तशीच दिसणारी, तळाला 'गणपतीची गाडी' असलेली. काकांनी समाधानाने क्लिक केलं.

बकुळाचा हात झटपट चालतो, तो त्या नावावरून सुटायचा. टेंबवाडी सगळ्यात शेवटी, म्हणून तिथून खाली घसरायला कोणी नाही. सगळे घसरून येणार ते तिथेच. ती मला म्हणाली, "काका खरं बोलत होते गं. मी माझ्या हाताने तपासत बसले, त्यांच्या हाताने नाही." आणि गाडीच्या यादीतल्या एकेका म्हाताऱ्याला फोन करून तिने आधी नावं आपापल्या गाडीत नेऊन बसवली.

आता उपाय. मी म्हटलं, नावं खालीवर कर, संपलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी देवळात चप्पल घालून शिरले. गावकरवाडी, मग खालचीवाडी, मग टेंबवाडी, हा मानाचा क्रम. नारळ त्या क्रमाने, देवापुढचं गाऱ्हाणं त्या क्रमाने. तो बदलला असता तर साइट राहू दे, आमच्या खोल्या चाळीत राहिल्या नसत्या. विनीतने फोनवर सुचवलं, बाण नेल्यावर नको, क्लिक केल्यावरच यादी उघडू दे. तेही करून बघितलं. पण आमच्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवलंय देव जाणे, जिथे तिथे दोनदा क्लिक करतात. यादी उघडायची आणि लगेच मिटायची. बकुळाने ते काढून टाकलं.

"मेनूला घाई आहे," ती म्हणाली. "त्याला थांबायला शिकवायचं."

jQuery मध्ये 'डिले' म्हणून तयार गोष्ट आहे, ती तिने लावली. म्हणजे बाण आला की जरा थांबून उघड, गेला की जरा थांबून मीट. दुसऱ्या दिवशी काकांना बसवलं. काकांचा बाण वरून खाली, खालून वर भटकला, आणि मग त्यांनी माउसवरून हात काढला. तरी यादी एकामागून एक आपोआप उघडतायत, मिटतायत, उघडतायत! झालं असं, की बाण जिथे जिथे घासला तिथलं काम रांगेत उभं राहिलं, आणि माणूस निघून गेला तरी रांग चालूच. राजारामकाका खुर्चीसकट मागे सरकले. "ह्येका कायतरी लागलाहा! गाऱ्हाणा घालूक व्हया!" मला हसू आवरेना. बकुळा हसली नाही. दार लावून खोलीत बसली ती संध्याकाळच्या चहालाही बाहेर आली नाही. मी चहा आत ठेवला तर तो तसाच गार.

शेवटी तिने तयार गोष्ट सोडून स्वतः लिहिलं. बाण एखाद्या वाडीवर आला की लगेच काही करायचं नाही, एक घड्याळ लावायचं. ते वाजेपर्यंत बाण तिथेच असेल तर माणसाला ती वाडी खरंच हवी आहे, उघड. त्याआधीच निघून गेला तर घड्याळ रद्द, म्हणजे रांगही नाही. मिटायलाही तसंच. बाण बाहेर गेला तरी यादी जरा वाट बघणार, परत आला तर मिटायचं रद्द. ऐकून मी म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, "एवढंच. आता किती थांबायचं ते काका सांगतील."

आणि तिथे खरी तपश्चर्या सुरू झाली. थोडं ठेवलं की काका पुन्हा टेंबवाडीत. जास्त ठेवलं की काकांना वाटायचं मशीन बंद पडलं, आणि ते माउस टेबलावर आपटायचे. रोज सकाळी ती खाली, काका खाली, दोघांची जुंपायची. "अजून जरा गो." "काका, जास्त झालं मगाशी." एकदा काका चिडून उठून गेले, तर ही त्यांच्या मागे त्यांच्या खोलीपर्यंत जाऊन त्यांना घेऊन आली. मी म्हटलं, "बाई गं, दे ना सोडून, कोण तुला हार घालणार आहे?" ती आकडा बदलून पुन्हा काकांना हाक मारायला गेली. शनिवारी पाऊण सेकंदाच्या आसपास काकांचा हात आणि मेनू एकदाचे जमले.

रविवारी सभा. सगळे बाप्ये आत, आम्ही बायका दारात. शामरावांनी काकांनाच कॉम्प्युटरवर बसायला सांगितलं. काकांनी 'खालचीवाडी'वर बाण नेला, तिरके निघाले, आणि मधेच टेंबवाडीचा कोणीतरी खोकला. काका माउस तसाच सोडून त्याच्याशी भांडायला वळले. बाण बरोबर टेंबवाडीवर. ठरवून ठेवलेल्या वेळाने यादी बदलली. "बघा, बघा!" कोणीतरी ओरडलं.

 बकुळा दारातून सरळ आत गेली. "काका, भांडायला थांबलात तर बदलणारच. तुमच्या हातासाठी मी मेनू थांबवलाय, तुमच्या तोंडासाठी नाही. पुन्हा करा."

सगळी खोली हसली, काकाही हसले. पुन्हा बाण नेला. तिरके, सावकाश, कापत कापत. टेंबवाडीवरून बाण गेला, यादी हलली नाही. क्लिक झालं आणि काकांनी मोठ्याने वाचलं, "खालचीवाडी!" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "माका नवीन नको. ह्याच रवांदे."

तरीही एकाने खुसपट काढलंच, साइट टेंबवाडीच्या माणसाकडे कशाला? मग मात्र विनीत बोलला. तो म्हणाला, "मी एवढे दिवस कोणासोबत बसलो नसतो. मला नका देऊ." शामरावांनी हात वर करायला सांगितले, ज्यांना साइट बकुळाकडे राहायला हवी त्यांनी. भराभर हात वर गेले, खालचीवाडीचे सगळ्यात आधी. शामरावांनी मोजले, आकडा वहीत लिहून मोठ्याने वाचला आणि ते म्हणाले, "ठरलं, बकुळाकडेच."

हात खाली आले. एक वरच राहिला, बकुळाचा.

"अगं, झालं ना," शामराव म्हणाले. "आणि तू सभासद नाहीस. तुझा हात कशाला?"

"साइट माझी आहे," ती म्हणाली. "मोजा."

 शामरावांनी इकडेतिकडे बघितलं, राजारामकाकांकडे बघितलं. बकुळाचा हात तसाच. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही. मग शामरावांनी आकडा खोडला, एक वाढवून पुन्हा मोठ्याने वाचला, आणि तेव्हा बकुळाने हात खाली घेतला.