काकांची पाठ आणि नवी स्प्रिंग

२००९ साली मी नांद्याच्या पुढे एका पेंटबॉलच्या मैदानावर बंदुका सांभाळायचो. शनिवार-रविवारी हिंजवडीतल्या कंपन्यांच्या बस यायच्या आणि माणसं एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायची. त्याआधी मी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं बनवायच्या कामावर होतो. हे काम मला हलकं वाटायचं, ते आधीच कबूल करतो.

गावातले एक काका मैदानावर पंच होते. खेळाआधी ते पाहुण्यांकडे पाठ करून दहा पावलांवर उभे राहत आणि मी त्यांच्या पाठीवर एक गोळी मारायची, अशी पद्धत होती. सदऱ्यावर पिवळा डाग उमटला की ते वळून म्हणत, "बघा, डास चावल्यावानी हाय. भ्यायचं न्हाई." लोक हसत, त्यांची भीती जाई.

नेहमी येणारा एक इंजिनिअर मला चिडवायचा, "मिस्त्री, बंदूक आहे की पिचकारी?" एकदा त्याने अमेरिकेहून जास्त ताठ स्प्रिंग आणून दिली. म्हणाला, "जमत असेल तर बसवा."

ते मला झोंबलं. काकांवर झाडायच्या बंदुकीची मी गॅसची बाटली काढली, आत उरलेला गॅस उडवला, मागचं बूच फिरवून जुनी स्प्रिंग ओढली, नवी बसवली, रबरी कड्यांना तेल दिलं. अशी स्प्रिंग बसवल्यावर वेगाचा स्क्रू सैल करून गोळीचा वेग मोजायचा असतो, नाहीतर गोळी फार जोरात सुटते. पाकिटावर तसं छापलं होतं आणि मी ते वाचलं होतं. पण स्क्रू सैल केला तर पिचकारी ती पिचकारीच राहिली असती. मी तो तसाच ठेवला. वेग मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. काकांची पाठ होती.

दुसऱ्या दिवशी गोळी लागली तेव्हा काकांचा एक गुडघा वाकला. थोडं थांबून ते वळले आणि तेच डासाचं वाक्य बोलले. इंजिनिअरने अंगठा वर करून मला दाद दिली.

नंतर शेडमागे त्यांनी सदरा वर केला. कातडी फुटून जांभळा गोळा आला होता.

"आज लई लागलं. वय झालं म्हनायचं."

"थंडी आहे काका. थंडीत जास्त लागतं," मी म्हणालो.

मैदानाच्या मालकाला त्या गोळीचा आवाज आवडला, म्हणून पुढेही तीच बंदूक वापरायची ठरली. जुनी स्प्रिंग माझ्या खणात होती. बदलायला पाच मिनिटं लागली असती. पण का बदलली म्हणून कुणी विचारलं असतं, तर स्क्रूचं सांगावं लागलं असतं. दर शुक्रवारी मी ती बंदूक पुसून तशीच परत ठेवली. फेब्रुवारीत काका स्वतःच मालकाकडे गेले. "मला आता सोसत न्हाई. दुसरा तरणा बघा."

पुढच्या वर्षी ते महाळुंग्यात एका नव्या इमारतीच्या गेटवर वॉचमन म्हणून दिसले. त्यांनीच मला चहा पाजला.

"तुमच्या हातात कला हाय, मिस्त्री. माझंच अंग पार गेलं. घरी बी सांगितलं, जड काम आता व्हनार न्हाई."

मी म्हणालो, "वय कुणाला चुकलंय, काका."

ते तेव्हा बावन्न वर्षांचे होते. या दिवाळीत मला बावन्न पूर्ण होतील. माझी पाठ ठणठणीत आहे.