दुर्गाघाटावरचे सात पूर्ण दिवस

भुसावळहून निघालेली आमची गाडी बनारसला दहा तास उशिरा पोचली, असं रेल्वेचं म्हणणं. माझ्या मते ती पोचलीच नाही. इटारसीपर्यंत ती गाडी होती. अलाहाबादनंतर ती धुक्यात शिरली आणि पुढे तिचं काय झालं ते इंजिनवाल्यालाही सांगता आलं नसतं. खिडकीबाहेर हात काढला तर कोपरापुढचा हात दिसेना. मग धुकं डब्यात आलं. समोरच्या गृहस्थांनी पुरी-भाजीचा डबा उघडला, तेव्हा मी त्यातल्या दोन पुऱ्या खाल्ल्या. त्या आपणच खाल्ल्या असं त्यांना आजही वाटत असेल.

मी जळगावच्या कचेरीत अन्वेषक होतो. घरोघर जायचं, घरातलं कोण काय काम करतं, करतं की नाही ते विचारायचं आणि तक्त्यातल्या चौकटी भरायच्या. ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षीच्या पाहणीत बनारसच्या दुर्गाघाटाची एक गल्ली निघाली, तिथली निम्मी घरं मराठी. तिथल्या अन्वेषकाला कावीळ झाली आणि वरच्या साहेबांना वाटलं, मराठी घरांना मराठी माणूस बरा. हे मराठी लोक कित्येक पिढ्यांपासून काशीत राहतात आणि माझ्यापेक्षा चांगलं हिंदी बोलतात, हे साहेबांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. फुकटची काशी कोण सोडतो?

मैदागिनला रिक्षा सोडावी लागली. पुढच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लठ्ठ माणूस आला तर दोघांपैकी एकानं जन्मभर तिथेच राहावं. एका पानवाल्याला दुर्गाघाट विचारला.

"आगे एक साँड़ बैठा है," तो म्हणाला. "उसके बाद बाएँ."

मी तासभर चाललो. बसलेला बैल कुठे दिसेना. शेवटी फिरून पुन्हा त्याच पानवाल्यापुढे उभा.

"साँड़ उठ गया होगा," तो शांतपणे म्हणाला आणि मला एक पान लावून दिलं. "काम क्या है?"

मी म्हटलं, लोक काम काय करतात ते लिहायला आलोय. तो हसला. "काम यहाँ कौन करता है, भैया? हम तो दुकान पर बैठते हैं."

आता आमच्या नियमात बसण्यालाही मान आहे. दुकान उघडून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला, तो कामावर. मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी कमाईचं काम केलं, तरी तो माणूस त्या आठवड्यापुरता कामकरी. चार तास झाले तर दिवस पूर्ण, त्याहून कमी तर अर्धा. बाकी कशालाही आमच्या तक्त्यात जागा आहे: नोकरीला वेगळा आकडा, मजुरीला वेगळा, घरकामाला वेगळा. स्वतःचं काम स्वतः करणाऱ्याला अकरा. शरीर साथ देत नाही म्हणून काम करू न शकणाऱ्याला पंच्याण्णव.

तिसऱ्या दिवशी मी तात्यांच्या घरी गेलो. गल्लीच्या टोकाला चार दगडी पायऱ्या, बुटकं दार आणि आत एवढंसं आकाश असलेला चौक. तात्या पंच्याहत्तरीच्या पुढचे. तरुणपणी काशीत नाव असलेले वेदपाठी. त्यांचा घनपाठ ऐकायला पलीकडच्या काठावरून नावा यायच्या म्हणे. (ही थाप माझी नाही, शेजाऱ्यांची.) तीन-चार वर्षांपूर्वी घशाचं दुखणं झालं, ऑपरेशन झालं, आणि आवाज गेला. आता ते बोलत तेव्हा वाळूवरून सुती धोतर ओढत नेल्यासारखा आवाज येई. जवळ जाऊन ऐकावं लागे.

उत्तरं द्यायला बसला मुलगा, गजानन. रेल्वेत कारकून. सूनबाई शालिनीनं माझ्यापुढे चुरा-मटर (भिजवलेले पोहे आणि हिरवा वाटाणा, इकडचा थंडीतला नाश्ता) ठेवला. वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. एकाच बशीत बनारस आणि सातारा. मी चार बश्या खाल्ल्या. शालिनी अजून सात सांगते असं ऐकतो.

"माझं लिखा, रेल्वेत पक्की नोकरी," गजानन म्हणाला. "हिचं घरकाम. आणि तात्यांचं लिखून टाका, काम करू शकत नाहीत."

कोपऱ्यातून वाळू सरकली. "मी रोज जातो."

"कुठे जाता, तात्या? घाटावर जाऊन बसता." गजानन माझ्याकडे वळला. "भाऊ, ऐका. कार्तिकात हे पायरीवरून फिसलले. कमरेला मार. मी सांगून थकलो. आता सरकारी कागदावर तुमच्या हातानं लिखा, काम होत नाही. मग मी यांना दाखवीन. यांची घाटावरची छत्री आणि बसायची चौकी त्याच दिवशी माळ्यावर."

"कागद कुणाला दाखवायला नसतो," मी म्हटलं.

"तुम्ही समोर लिखा. ते पाहतील. बस, तेवढंच पाहिजे."

तात्या खरंच पाहत होते, माझ्या पेन्सिलीच्या टोकाकडे. डॉक्टर सुई भरतो तेव्हा लहान मूल पाहतं तसं. शालिनी दाराशी उभी होती, तिनं मान खाली घातली.

मी नियमाला धरून विचारलं, "तात्या, गेल्या सात दिवसांत घाटावर काय काम केलंत?"

त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सकाळी या," ते म्हणाले. "तिथे सांगतो."

पेन्सिल मी खिशात टाकली. म्हटलं, या माणसाचा तक्ता उद्या. गजाननला ते आवडलं नाही, पण पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला आला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी घाटाच्या पायऱ्या उतरलो, आणि उतरतच राहिलो. पाचशे मोजल्या, तरी गंगा येईना. धुक्यात पायऱ्यांना शेवट नसतो. पुढची पायरी पाऊल टाकल्यावर तयार होते. कुठे तरी घंटा वाजत होती, पण देऊळ नव्हतं. नाव नव्हती, वल्ह्याचा आवाज तेवढा होता. एक बाई माझ्याजवळून ओलेत्यानं स्तोत्र म्हणत वर गेली, आणि ती गेल्यावर बराच वेळ ते स्तोत्र तिथेच पायरीवर बसून राहिलं. आपण जिवंत आहोत की काशीला येऊन जे व्हायचं ते होऊन गेलं, असा मला प्रामाणिक संशय आला. खात्रीसाठी मी खिशातला तक्ता चाचपला. म्हटलं, मेल्यावर एवढे रकाने नसणार.

मग एक मोठी वेताची छत्री दिसली. तिच्याखाली लाकडी चौकी आणि चौकीवर तात्या, डोक्याला मफलर. पुढे तांब्या, चंदनाची वाटी, कंगवा आणि नक्षीच्या चौकटीचा एक आरसा. मागे कपड्यांचे ढीग: शर्ट, स्वेटर, साड्या, चपला, चष्मे, एक कवळीसुद्धा.

माझ्या तेव्हा लक्षात आलं. हे घाटियाचं काम. घाटिया म्हणजे आंघोळीला आलेल्यांचे कपडे सांभाळणारा. बाहेर आल्यावर तो गंध लावतो, आरसा दाखवतो, आणि लोक काहीतरी ठेवून जातात. हे काम लहान नाही, पण वेदपाठ्यांच्या घरात त्याचं नावही काढत नाहीत. दुर्गाघाटाच्या वैदिकानं घाटियाच्या चौकीवर बसायचं म्हणजे गवयानं लग्नाच्या बँडमध्ये झांजा वाजवायच्या.

"म्हातारा घाटिया गावी गेला, परत आला नाही," तात्या म्हणाले. "चौकी रिकामी होती. घरात बसून मी दुसरं काय ऐकणार? सगळं मलाच पाठ आहे." जरा थांबून म्हणाले, "गजाननला वाटतं मी पूजेच्या यजमानांची वाट पाहत बसतो. तेवढंच वाटू दे."

"मग मी काय लिहू?"

"काय लिहायचं ते मागून. आधी आंघोळ करा. काशीला येऊन कोरडे परत जाणार?"

मी कपडे त्यांच्या हवाली केले आणि पाण्यात उतरलो. पहिल्या बुडीला माझी झालेली पापं गेली, दुसरीला पुढची, तिसरीला पाप करण्याची ताकदच गेली. दात इतके वाजले की जवळच्या नावाड्यानं नाव बाजूला घेतली. डोकं वर काढलं तो काठ नाहीसा. चहूकडे पांढरं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना, आणि अंगावर फक्त पंचा. तात्यांना हाक मारून उपयोग नव्हता. त्यांना ओ देता येत नाही.

तेवढ्यात ऐकू आलं. ठक ठक. ठक ठक. ठक ठक ठक. तांब्यावर अंगठीचं बोट आणि मधूनच चौकीच्या लाकडावर तळवा. दोन पावलं पुढे, दोन मागे, मग तीन पुढे, तीन मागे, पुन्हा तीन पुढे. लहानपणी मुंजीत ऐकलेला घनपाठ असाच जातो: शब्द पुढे घ्यायचा, मागे फिरवायचा, परत पुढे न्यायचा. तात्या शब्दांशिवाय घन म्हणत होते. आणि धुक्यातून माणसं त्या आवाजाच्या रोखानं येत होती, बंगाली, बिहारी, मद्रासी, डोळे अर्धे मिटलेली, थरथरणारी, एकेक करून आपापल्या कपड्यांपाशी. मीही गेलो. त्यांनी मला अंग पुसायला लावलं, कपाळाला गंध लावलं आणि आरसा समोर धरला. आरशात मी बराच बरा दिसत होतो.

बारा वाजेपर्यंत मी तिथे बसलो. घड्याळ लावून मोजलं: चार तास कधीच उलटले होते.

"तात्या, अकरा आकडा तुमचाच," मी म्हटलं. "पण पुढच्या रकान्यात काम कोणतं ते लिहावं लागतं, आणि घरातल्या कर्त्याला मी सगळं वाचून दाखवतो. माझी पद्धत आहे."

"वेदपाठ लिहा."

"गेल्या सात दिवसांत वेदपाठ केलात?"

तांब्यावरचं बोट थांबलं. पाण्यात कुणीतरी खोकलं. "नाही," तात्या म्हणाले.

जन्मभर मी थापा मारल्या, पण असल्या माणसाच्या वतीनं थाप मारायची म्हणजे अवघड काम. तरी दिवसभर मी तयारी केली. संध्याकाळी गजानन ऑफिसातून आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत तक्ता उघडला आणि वाचायला लागलो. "तात्या. स्थिती अकरा, स्वतःचं काम. कामाचं स्वरूप: तीर्थक्षेत्री भाविकांस धार्मिक स्वरूपाचे साहाय्य व तदनुषंगिक..."

"थांबा," तात्या म्हणाले. "गोलमाल नको."

ते उठून मुलासमोर जाऊन बसले, कारण दुरून बोललेलं ऐकू गेलं नसतं. "मी लोकांचे कपडे सांभाळतो. गंध लावतो. आरसा दाखवतो."

चौकातल्या आकाशातून धुकं आत उतरत होतं. "घाटिया?" गजानन म्हणाला.

"हो."

"तुम्ही. ज्यांच्या पायाशी मोठमोठे पंडित बसले."

"ते ऐकायला बसत होते. आता ऐकण्यासारखं माझ्याकडे काही नाही. कपडे मात्र मी नीट सांभाळतो. एकाची चप्पल आजवर बदलली नाही."

"आणि लोक पाहतील तर?"

"लोक रोज पाहतात. ओळखीचे उलट दुसऱ्या घाटियाकडे जात नाहीत."

गजाननची नजर शालिनीकडे गेली. "तुला माहीत होतं?"

"आरसा माझ्या माहेरचा आहे," ती म्हणाली. "मीच दिला. त्यांचा फुटका होता, लोकांच्या तोंडाचे दोन तुकडे दिसायचे."

गजाननला हसू आलं असावं, पण ते त्यानं येऊ दिलं नाही. त्यानं माझा तक्ता स्वतःकडे ओढला. रेल्वेचा कारकून, रकाने त्याला नवे नव्हते. सात दिवसांच्या चौकटींवर त्यानं बोट ठेवलं.

"सोमवारी?"

"गेलो," तात्या म्हणाले.

"मंगळवारी गारा पडल्या."

"छत्री आहे."

"बुधवारी तुम्हाला ताप होता."

"सकाळी नव्हता. दुपारी आला."

असे सात दिवस त्यानं विचारले आणि प्रत्येकाला तात्यांनी मान हलवली. मी आजवर किती घरं केली असतील, पण माझ्यापेक्षा कसून पाहणी करणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"लिखा," गजानन मला म्हणाला. "सातही पूर्ण. काम, घाटिया. साफ अक्षरात." मग बापाकडे वळला. "पण चौकी खालच्या पायरीवर नाही. तिथे काई आहे, पाय फिसलतो. वर, पिंपळाजवळ."

"पिंपळाजवळून ठोका पाण्यापर्यंत पोचत नाही," तात्या म्हणाले.

"मग मधल्या पायरीवर."

"मधल्या पायरीवर," तात्यांनी मान्य केलं.

"आणि मी सकाळी चौकी लावून मग ड्यूटीला जाईन. तुम्ही उचलायची नाही."

शालिनी माझ्यासाठी आणखी एक बशी घेऊन आली. ती पाचवी.

परतीच्या गाडीनं पूल ओलांडला तेव्हा धुकं जरा विरलं होतं. खिडकीतून सगळे घाट एका बाजूला वळलेले दिसले, जणू सगळं शहर नदीकडे तोंड करून कशाची तरी वाट पाहत बसलं होतं. आणि पायऱ्यापायऱ्यांवर वेताच्या छत्र्या, दुरून आळंब्यांसारख्या. तिथे माणूस नुसता बसलेला आहे की कामावर आहे, हे पुलावरून कुणालाच ओळखता येणार नाही. त्यासाठी थंड पाण्यात उतरावं लागतं, आणि परतीची वाट हरवावी लागते. आमच्या मार्गदर्शक पुस्तिकेत हे कुठेच लिहिलेलं नाही.

जळगावला महिन्याभरानं तो तक्ता माझ्याकडे परत आला. तपासणाऱ्या साहेबांनी लाल शाईनं गोल केला होता: वय इतकं, शेऱ्यात आवाज गेल्याची नोंद, तरी सातही दिवस पूर्ण काम? हे संभवत नाही. खात्री करून खुलासा करावा, अन्यथा पंच्याण्णव करावे.

मी खाली लिहिलं: "खात्री केली आहे. अन्वेषकाने स्वतः आपले कपडे सदर व्यक्तीकडे ठेवून स्नान केले. धुक्यात काठ दिसत नव्हता. सदर व्यक्तीच्या कामामुळे अन्वेषक परत आला."

साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. माझी सगळी नोकरी त्यांच्या हाताखाली गेली. माझ्या लेखी खुलाशावर त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही, असं तेवढं एकदाच घडलं.